पटलेल्या गोष्टीची परीक्षा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे काळ्या पाषाणाचे गाव आहे. गोकुळेश्वराचे मंदिर, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी बारव, आभाळात चढत गेलेला कोरीव स्तंभ, जागोजागी विखुरलेली शिल्पे, सगळे एकाच दगडाचे. जुन्या घरांच्या भिंती त्याच दगडाच्या आणि शेताचे बांधही त्याच दगडाचे. हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरत गेला, थंड झाला आणि आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग तयार झाला. या कातळाची झीज होऊन कापसाची काळी जमीन झाली.

चारठाण्याला केंद्र मानून महाराष्ट्राच्या नकाशावर चार ठिकाणे शोधू. उत्तरेला बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. दक्षिणेला लातूर जिल्ह्यातले किल्लारी. दूर पूर्वेला भंडारा आणि त्याच्याही पलीकडे गडचिरोली. पहिल्या ठिकाणी ग्रहविज्ञानाचा एक प्रश्न सुटला. दुसऱ्या ठिकाणी घरबांधणीचा धडा फार मोठ्या किमतीला मिळाला. तिसऱ्या ठिकाणी आगीच्या शास्त्राने आधीच दिलेला इशारा खरा ठरला. चौथ्या ठिकाणी नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करता येतात हे दिसले.

विषय चार असले तरी गोष्ट एक आहे. चारही ठिकाणी आधी एक समजूत होती. ती अडाण्यांची भाबडी समजूत नव्हती. शिकल्यासवरल्या, अनुभवी माणसांनाही ती पटलेली होती. अभ्यास सुरू झाला तो कोणीतरी त्या पटलेल्या गोष्टीची परीक्षा घ्यायचे ठरवले तेव्हा.

लोणार : ज्वालामुखीच्या प्रदेशातले परके विवर

लोणारचे सरोवर शतकानुशतके लोकांना माहीत आहे. लवणासुराचा वध विष्णूने केला, तो इथेच, अशी कथा आहे आणि गावात दैत्यसूदनाचे मंदिर आहे. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल असा हा खड्डा. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच, आत दीडशे मीटरच्या आसपास खोली आणि तळाशी खारट, अल्कधर्मी पाणी.

हा खड्डा कसा झाला? उत्तर अगदी सरळ वाटत होते. सगळा प्रदेशच लाव्हाचा, तेव्हा हे ज्वालामुखीचे तोंड असणार, किंवा जमिनीखालच्या वाफेचा स्फोट होऊन जमीन खचली असणार. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या प्रसिद्ध विवराशी लोणारचे साम्य दाखवले होते. पण गंमत अशी की त्या काळी ॲरिझोनाचे विवरही वाफेच्या स्फोटानेच झाले असावे, असे त्यांचे मत होते. नुसत्या साम्यावरून निर्णय होत नाही, हे इथे लक्षात ठेवावे.

निर्णय करायचा तर असा पुरावा हवा, जो एका कारणाने निर्माण होऊ शकतो आणि दुसऱ्याने होऊच शकत नाही. तो पुरावा दगडाच्या आत होता. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नावाचे खनिज असते. त्याच्या अणूंची मांडणी नीट रचलेली, स्फटिकाची असते. या खनिजावर वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन लाख पट दाब क्षणार्धात आला, तर ती रचना मोडते आणि खनिज न वितळताच काचेसारखे होते. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीत तापमान प्रचंड असते, पण असा दाब कधीच येत नाही. अवकाशातून वेगाने येणारी वस्तू आदळली तरच तो येतो.

भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी लोणारच्या तळात खोल छिद्रे घेऊन दगडाचे नमुने वर काढले. सरोवराच्या गाळाखाली चुरगळलेल्या, तुकडे झालेल्या दगडाचा थर लागला आणि त्यात मास्केलिनाइट सापडले. कर्ट फ्रेडरिक्सन, ए. दुबे, डी. जे. मिल्टन आणि एम. एस. बालसुंदरम यांचा शोधनिबंध मे १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. लोणार हे आघाताने झालेले विवर आहे, हे त्याने पक्के झाले.

मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखले गेले तेही भारतात पडलेल्या एका उल्कापाषाणात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटी येथे तो पडला. त्यातली ही विलक्षण काच १८७२ मध्ये वर्णन केली गेली. तो दगड मूळचा मंगळावरचा आहे, हे शंभराहून अधिक वर्षांनी उलगडले. मंगळावर एखादा मोठा आघात होऊन तो तिथून उडाला आणि भटकत इथवर आला. म्हणजे लोणारच्या कातळात आणि मंगळाच्या दगडात एकाच प्रकारच्या घटनेची खूण उमटली आहे.

ग्रहविज्ञानात लोणारला मोल आहे ते याचमुळे. चंद्रावरचे काळपट सपाट प्रदेश बेसाल्टचे आहेत आणि मंगळाचा पृष्ठभागही बहुतांश बेसाल्टचा आहे. तिथे विवरांची गर्दी आहे. पृथ्वीवरची बहुतेक आघात-विवरे मात्र इतर प्रकारच्या खडकांत आहेत. बेसाल्टमध्ये झालेले आणि इतके नीट टिकलेले विवर म्हणून जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. काठावर फेकला गेलेला दगड किती दूर गेला, थर कसे उलटले, काचेचे मणी कसे झाले, हे इथे हाताने मोजता येते. मंगळावरच्या छायाचित्राचा अर्थ लावताना ही मोजमापे उपयोगी पडतात.

लोणारच्या वयाची गोष्ट आणखी शिकवणारी आहे. आधीच्या एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे भरले होते आणि तो आकडा पुस्तकांत, फलकांवर पोचला. २०११ मध्ये फ्रेड जोर्डान आणि सहकाऱ्यांनी आघाताने वितळलेल्या दगडातील आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून वय काढले. ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहा पटींहून जास्त फरक! आकडा बदलला म्हणून शास्त्र खोटे ठरत नाही. अधिक चांगले मोजमाप आले की जुना आकडा सोडून देणे, हीच शास्त्राची शिस्त आहे. विवर आघाताने झाले हा निष्कर्ष मात्र तसाच उभा राहिला, कारण त्याचा पुरावा वेगळा आणि भक्कम होता.

किल्लारी : जाड भिंतीचा भरवसा

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. सुमारे आठ हजार माणसे गेली.

इथे दोन समजुती एकाच पहाटे कोसळल्या. पहिली भूवैज्ञानिकांची होती. दख्खनचे पठार हा प्राचीन, स्थिर भूभाग आहे, म्हणून हा पट्टा भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९६७ मध्ये कोयनेला मोठा भूकंप झाला होता, पण त्याचा संबंध धरणाच्या पाण्याशी जोडला गेला आणि बाकीचे पठार सुरक्षितच मानले गेले. किल्लारीच्या लोकांना १९९२ मध्ये लहान धक्के जाणवले होते. तरी नकाशा तोच राहिला. पुढे २००२ मध्ये भारतीय मानकाने सर्वांत कमी धोक्याचा तो विभागच रद्द केला आणि लातूरचा परिसर वरच्या विभागात टाकला.

दुसरी समजूत गवंड्यांची आणि घरमालकांची होती: भिंत जितकी जाड, घर तितके मजबूत. मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जाड असत. मातीच्या गाऱ्यात बसवलेले ओबडधोबड दगड आणि वर माळवद. माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर नवी माती पडे. उन्हाळ्यात हे घर थंडगार राही. भिंतीची जाडी ही घराण्याच्या ऐपतीची खूणही होती.

भूकंपानंतर अभियंते गावोगाव फिरले, पडलेली आणि उभी घरे शेजारीशेजारी ठेवून पाहू लागले. एकाच गल्लीत, एकाच धक्क्यात एक घर ढिगारा झाले आणि शेजारचे तगले, तर फरक घरातच शोधावा लागतो. या तुलनेतून तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट भिंतीची. जाड दिसणारी भिंत खरे तर एक भिंत नसते. बाहेरच्या दगडांचा एक पदर, आतल्या दगडांचा दुसरा आणि मधे भराव. दोन्ही पदरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड नसेल, तर हादऱ्याने दोन पदर अलग होतात, भिंतीला पोट येते आणि ती फुटते. जाडी वाढवली की वजन वाढते, पण बांधणी वाढत नाही.

दुसरी गोष्ट छताची. भूकंपात वस्तूवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. दरवर्षी माती चढवलेले माळवद म्हणजे डोक्यावर टांगलेले कित्येक टनांचे ओझे. कुडाच्या भिंतींच्या आणि गवताने शाकारलेल्या झोपड्यांनी मात्र हा धक्का बऱ्यापैकी सोसला. ज्यांना मोठे घर बांधणे परवडले नव्हते, त्यांच्या डोक्यावर कोसळण्याजोगे वजनच नव्हते.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगी होती. काही घरांत माळवदाचा भार लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर होता. दगडी भिंत फक्त आडोशाला. अशा ठिकाणी भिंती बाहेर ढासळल्या, पण सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसे वाचण्याची शक्यता वाढली. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे भिंत गेली तसे छत खाली आले.

आता चारठाण्याच्या मंदिरांकडे पुन्हा पाहा. दगड तोच बेसाल्ट. पण तिथे प्रत्येक दगड घडवलेला आहे, एकावर एक पक्का बसवलेला आहे. किल्लारीच्या घरांत तोच दगड गोटा म्हणून मातीत रुतवलेला होता. दोष दगडाचा नव्हता, दगड दगडाशी कसा जोडला याचा होता. म्हणून दगडी घरांसाठी अभियंत्यांनी सांगितलेले उपाय जोडणीचेच आहेत: ठरावीक अंतरावर आरपार दगड, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात गुंफण आणि दारा-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग फिरणारा सिमेंट-काँक्रीटचा पट्टा. कमी ताकदीच्या बांधकामासाठीचे असे नियम १९९३ च्याच भारतीय मानकात, आयएस १३८२८ मध्ये, लिहिलेले आहेत. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर हजारो घरांची दुरुस्ती, मजबुती झाली.

हा धडा जुना झालेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि परभणी, नांदेडपर्यंत लोक घराबाहेर आले. त्याच वर्षी १० जुलैला तिथे पुन्हा तसाच धक्का बसला. जीवितहानी झाली नाही, पण परभणी जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या माळवदाच्या घराला या धक्क्यांनी प्रश्न विचारला आहे.

भंडारा : आगीपेक्षा धूर वेगवान

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात वाचवता आली, दहा गेली. त्या दहांपैकी तिघांचा मृत्यू भाजल्याने आणि सातांचा धुराने गुदमरून झाला, असे सरकारने जाहीर केले.

तीन आणि सात. आगीबद्दलची आपली समजूत ज्वाळेची आहे. आग लागली की आपण ज्वाळा किती दूर आहेत ते पाहतो आणि तेवढा वेळ हाताशी आहे असे धरतो. अग्निशास्त्र अनेक दशके सांगत आले आहे की इमारतीतल्या आगीत माणसे बहुधा ज्वाळा पोचण्याआधीच धुराने जातात. अपुऱ्या हवेत काही जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि दार दिसत असूनही तिथवर पोचता येत नाही. नवजात बाळाला तर पळताही येत नाही. त्याचा प्रत्येक सेकंद दुसऱ्याच्या हातात असतो.

हाताशी वेळ किती, याचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेतील यूएल या चाचणी संस्थेने दोन सारख्या खोल्या उभारल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकूड, कापूस, लोकर असे सामान. दुसरीत आजचे फोम आणि प्लास्टिकचे. दोन्हींना सारखीच आग लावली. सगळी खोली एकदम पेट घेते त्या टप्प्याला पोचायला जुन्या खोलीला अर्ध्या तासाच्या आसपास लागले. नव्या खोलीला पाच मिनिटेही लागली नाहीत. आजोबांच्या अनुभवावरचा वेळेचा अंदाज आजच्या घरात जीवघेणा ठरतो, तो असा.

रुग्णालयात आणखी एक गोष्ट भर घालते: प्राणवायू. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. हे प्रमाण थोडेसे वाढले तरी कापड, प्लास्टिक, केस लवकर पेटतात आणि झपाट्याने जळतात. हे जगाला फार मोठी किंमत देऊन कळले. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ यानाची जमिनीवर तालीम चालू असताना शुद्ध प्राणवायूने भरलेल्या कुपीत ठिणगी पडली आणि तीन अंतराळवीर गेले. दार आतल्या बाजूला उघडणारे होते. आतला दाब वाढल्याने ते उघडता आले नाही. चौकशीनंतर नासाने दार बाहेर आणि झटकन उघडेल असे केले, जळाऊ वस्तू काढल्या आणि उड्डाणतळावर असताना कुपीत प्राणवायूबरोबर नायट्रोजन मिसळायला सुरुवात केली. चंद्रावर माणूस पोचला तो या दुरुस्त्यांनंतर.

म्हणजे भंडाऱ्यात जे घडले त्याचे शास्त्र आधीपासून उपलब्ध होते. महाराष्ट्रात कायदाही होता: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. देशातील अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे, भंडाऱ्याच्या शेजारच्या जिल्ह्यात. भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तरी २३ एप्रिल २०२१ रोजी विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या आगीत आणि ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात पुन्हा रुग्ण दगावले.

लोणारला ज्ञान अपुरे होते, ते मिळवावे लागले. किल्लारीला ते उशिरा मिळाले. रुग्णालयांच्या आगींत ते हाताशी होते आणि भिंतीवरच्या धूरसूचकापर्यंत, विजेच्या भाराच्या हिशेबापर्यंत, मोकळ्या ठेवलेल्या दुसऱ्या दारापर्यंत पोचले नाही. अभ्यासाची ही सर्वांत वेदनादायक अवस्था आहे.

गडचिरोली : मोजलेली बाळे

भंडाऱ्याच्या कक्षात ठेवली जातात तशीच अशक्त, कमी वजनाची बाळे गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या झोपडीतही जन्मतात. १९९० च्या दशकात तिथली समजूत काय होती? आजारी नवजात बाळ वाचवायचे तर रुग्णालय, डॉक्टर आणि यंत्रे हवीत. ती नसतील तिथे काही करता येणार नाही. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांचे आणि धोरणाचेही तेच मत होते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने या मताची परीक्षा घेतली. त्याआधी त्यांनी न्यूमोनियावर काम केले होते. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे एका मिनिटातल्या श्वासांवरून बऱ्यापैकी ओळखता येते. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी असे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला, तर औषध द्यायचे. मोजता न येणाऱ्या बाईच्या हातात अचूक मोजमाप आले.

मग प्रश्न नवजात बाळांचा. १९९३ ते १९९८ या काळात ८६ गावांत अभ्यास झाला. ३९ गावांत नवी पद्धत आणि ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा. ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. त्या जन्माच्या वेळी हजर राहत, बाळाचे वजन करत, तापमान घेत, त्याला उबदार ठेवत, अंगावर पाजायला मदत करत, श्वास अडला तर उपचार करत. जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणे दिसली, तर पालकांच्या संमतीने घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत.

सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६० बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत हा आकडा २५.५ वर आला. उरलेल्या ४७ गावांत तो साठच्या आसपासच राहिला. तुलनेच्या गावांच्या बदलाशी ताडून पाहता नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. खर्च बाळामागे ५.३ डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला.

त्या ४७ गावांचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. फक्त ३९ गावे पाहिली असती, तर कोणीही म्हणू शकले असते: पाऊस चांगला झाला असेल, रस्ते आले असतील, काळच सुधारला असेल. पाऊस आणि काळ तर ४७ गावांतही तोच होता. तिथे आकडा हलला नाही, म्हणून श्रेय त्या स्त्रियांच्या भेटींना देता आले. किल्लारीच्या गल्लीतले शेजारचे घर जे काम करते, तेच इथे शेजारचे गाव करते.

अभ्यास इथे थांबला नाही. बांगलादेशातील सिल्हेट भागात तशीच घरपोच सेवा तपासली गेली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. परिणाम गडचिरोलीइतका मोठा नव्हता, पण दिशा तीच होती. एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे हुबेहूब मिळत नाही. पद्धत टिकते का, हे पाहायचे असते. २०११ मध्ये भारत सरकारने ही सेवा आशा कार्यकर्त्यांच्या कामात आणली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. चारठाण्यात किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात बाळंतिणीच्या खोलीत ती वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन बसते, तेव्हा गडचिरोलीच्या त्या गावांतला अभ्यास तिथे पोचलेला असतो.

वाचकाच्या हाती

‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ हे वाक्य आता रोज कानावर पडते. औषधाच्या जाहिरातीत, खताच्या पाकिटावर, मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात. या चार अभ्यासांवरून ते पारखायला शिकता येते.

कोणाशी तुलना केली, हे आधी विचारावे. ‘हे घेतले आणि बरे वाटले’ असे सांगणारी शंभर माणसे असली, तरी न घेता बरे झालेले किती, हे कळेपर्यंत ती साक्ष अपुरी आहे. मोजले काय आणि कसे, हे विचारावे. गडचिरोलीत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला गेला. सरकारी वहीतले आकडे उचलले असते तर घरात जन्मून घरातच गेलेली बाळे हिशेबात आलीच नसती. दुसऱ्या कोणी ते पडताळले का, हे विचारावे. आणि अभ्यासकाचा अंदाज चुकीचा असता तर काय दिसले असते, हे विचारावे. लोणार ज्वालामुखी असते तर मास्केलिनाइट सापडले नसते. असा ‘नसते तर’ ज्या दाव्यात सांगताच येत नाही, त्या दाव्यापासून जपून राहावे.

पण पारखणे हे निम्मेच काम झाले. भंडाऱ्याने दाखवून दिले की छापलेले ज्ञान आपोआप कोणाला वाचवत नाही. ते कोणीतरी भिंतीत बसवावे लागते, विजेच्या खोलीत नेऊन तपासावे लागते, पायी चालत घरोघर पोचवावे लागते. गवंडी, विद्युत तंत्री, परिचारिका, आशाताई, ग्रामपंचायत सदस्य ही माणसे संशोधनाच्या वर्तुळाबाहेरची नाहीत. अभ्यास पूर्ण करणारे शेवटचे हात त्यांचे आहेत.

म्हणून प्रत्येक वाचकाला सांगणे आहे. जुन्या दगडी घरात राहत असाल, तर माळवदावर आणखी माती चढवण्याआधी ते ओझे कशावर तोलले आहे ते पाहा आणि नव्या बांधकामात गवंड्याला सलग पट्टा टाकायला लावा. गावच्या दवाखान्यात गेलात, तर दुसरे दार कुठे आहे आणि ते उघडते का, एवढे विचारा. ग्रामसभेत अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र मागा. घरात बाळ जन्मले, तर आशाताईच्या सगळ्या भेटी होऊ द्या आणि तिने सांगितलेले धोक्याचे लक्षण दिसताच उशीर करू नका. आणि मुलांना एकदा लोणारच्या काठावर न्या. सर्वांना पटलेली गोष्टही तपासून पाहता येते, हे त्यांना तिथे उभे राहून सांगा.